रबाळ्यातील प्रथिन-निर्मिती सेवा: धातू धरणाऱ्या सहा नव्या रचनांचा अनुभव

मी ठाण्यातील एका महाविद्यालयात असेंद्रिय रसायनशास्त्र शिकवतो. निसर्गात कुठेही न आढळणारे, पण जस्ताचा आयन घट्ट धरून ठेवणारे प्रथिन कोऱ्या पाटीवरून रचता येईल का, हा प्रश्न घेऊन एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांबरोबर मी एक लघुप्रकल्प हाती घेतला, आणि त्यातील प्रत्यक्ष प्रथिन बनवण्याचे काम रबाळे एमआयडीसीतील या प्रयोगशाळेकडे सोपवले. रचना संगणकावर होते. परंतु पडद्यावरचे प्रथिन नळीत उतरवायचे तर त्याचे जनुक तयार करून जीवाणूत घालावे लागते, जीवाणू वाढवून फोडावे लागतात आणि हजारो प्रथिनांच्या त्या लगद्यातून आपले एकच प्रथिन वेगळे काढावे लागते. त्यासाठी लागणारी शेकर-यंत्रे, शीत सेंट्रिफ्यूज आणि सरावलेले हात आमच्या महाविद्यालयात नाहीत. अशी सेवा पारसिकच्या डोंगरापलीकडे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गावर तिसऱ्याच स्थानकाजवळ मिळते, हे आमच्या परिसरातील बहुतेक प्राध्यापकांना ठाऊक नसावे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगून ठेवतो. साधे प्रथिन बनवून घ्यायचे असेल तर ही प्रयोगशाळा डोळे झाकून निवडावी. धातू धरणारे प्रथिन असेल तर जरूर निवडावी, पण डोळे उघडे ठेवून. पहिल्या खेपेत त्यांच्या हातून आणि काही अंशी माझ्याही हातून एक मोठी चूक झाली. ती त्यांनी ज्या पद्धतीने निस्तरली, त्यामुळेच मी दुसरे काम पुन्हा त्यांच्याकडेच दिले आहे.

आम्ही नेमके काय मागितले होते, हे समजल्याशिवाय ती चूक समजणार नाही. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. त्यांपैकी धातू धरण्याचे काम प्रामुख्याने मोजकीच आम्ले करतात: हिस्टिडीनमधला नायट्रोजन, सिस्टीनमधले गंधक, अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांतला ऑक्सिजन. जस्ताला प्रथिनात सहसा चार दाते, म्हणजे धातूला धरणारे अणू, लागतात आणि ते चतुष्फलकाच्या चार टोकांवर बसावे लागतात. नायट्रोजन सुमारे २ आंगस्ट्रॉमवर, गंधक सुमारे २.३ आंगस्ट्रॉमवर. आंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग. हे चार दाते माळेत एकमेकांपासून कितीही दूर असोत, माळेची घडी पडल्यावर ते एकाच बिंदूभोवती, योग्य अंतरावर आणि योग्य दिशेला तोंड करून यावे लागतात. अर्ध्या आंगस्ट्रॉमची चूकही पकड सैल करण्यास पुरेशी ठरते. निसर्गाने हे जमवायला कोट्यवधी वर्षे घेतली. आपल्या रक्तातील कार्बनिक अ‍ॅनहायड्रेज या विकराच्या (एन्झाइमच्या) पोटात तीन हिस्टिडीनांनी धरलेला जस्ताचा एकच आयन असतो आणि त्याच्या जोरावर ते विकर सेकंदाला सुमारे दहा लाख कार्बन डायऑक्साइडचे रेणू हाताळते.

माणसाने हे स्वतःच्या हाताने जमवण्याचा इतिहास मात्र अवघ्या चार दशकांचा आहे. लिन रीगन आणि विल्यम डीग्रॅडो यांनी १९८८ मध्ये मूलतत्त्वांवरून रचलेले चार हेलिक्सचे, म्हणजे मळसूत्री वळणांचे, प्रथिन प्रसिद्ध केले. त्याच सांगाड्यात रीगन आणि क्लार्क यांनी १९९० मध्ये दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन बसवून जस्त पकडून दाखवले. २००० मध्ये अँजेला लोम्बार्डी, डीग्रॅडो आणि सहकाऱ्यांनी लोहाचे दोन आयन शेजारी शेजारी धरणारे प्रथिन रचले. २०१२ मध्ये मिशिगनच्या व्हिन्सेंट पेकोरारो यांच्या गटाने एकाच रचनेत पाऱ्याला सांगाडा सावरण्याचे आणि जस्ताला विकराचे काम दिले. संगणकीय रचनेसाठी डेव्हिड बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले, आणि त्यांच्याच संस्थेतून आलेली आरएफडिफ्युजन (सांगाडा रचणारे) व प्रोटीनएमपीएनएन (सांगाड्याला साजेशी माळ सुचवणारे) ही साधने आज कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. ठाण्यातल्या महाविद्यालयात बसून आम्हाला हे धाडस करता आले ते या खुल्या साधनांमुळे.

आम्ही १९९० ची तीच चौकडी घेतली, दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन, पण क्रम उलटा लावला. त्यांनी आधी सांगाडा उभा केला आणि मग त्यात जस्ताची जागा कोरली. आम्ही आधी जस्ताभोवती चार दाते योग्य अंतरावर गोठवून ठेवले आणि त्यांच्याभोवती सांगाडा वाढवायला आरएफडिफ्युजनला सांगितले. मग प्रोटीनएमपीएनएनच्याच, धातूही विचारात घेणाऱ्या लिगँडएमपीएनएन या भावंडाने त्या सांगाड्यावर अमिनो आम्लांची माळ सुचवली आणि शेवटी माळेवरून घडीचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रणालीच्या नव्या आवृत्तीत, जिथे धातूचे आयनही घालता येतात, ती माळ जस्तासह घडी घालून पाहिली. शेकडो रचनांतून सहा निवडल्या. प्रत्येकी ११२ अमिनो आम्ले, म्हणजे जनुकाची ३३६ अक्षरे. निवड करताना आम्ही एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिले. हिस्टिडीनच्या वलयात दोन नायट्रोजन असतात आणि ते वलय मोकळे सोडले तर कोणत्याही बाजूला वळते. म्हणून धातू न धरणाऱ्या नायट्रोजनला शेजारच्या ग्लुटामिक आम्लाने हायड्रोजन बंधाने पकडून ठेवले आहे, अशाच रचना आम्ही घेतल्या. धातूच्या पहिल्या वेढ्याइतकाच हा दुसरा वेढा महत्त्वाचा असतो, आणि नवख्यांच्या रचना बहुधा इथेच फसतात.

महाविद्यालयाच्या लेखा विभागाला तीन दरपत्रके लागतात. या प्रयोगशाळेचे दरपत्रक सर्वांत स्वस्त नव्हते. पण चौकशीसाठी आम्ही प्रत्यक्ष गेलो तेव्हा प्रथिन विभागाच्या प्रमुख मॅडमनी आमच्या सहा माळा पडद्यावर उघडल्या, दोन मिनिटे शांतपणे वाचल्या आणि विचारले, "सर, यात ट्रिप्टोफॅनही नाही आणि टायरोसीनही नाही. प्रथिन किती मिळालं हे तुम्ही मोजणार कसं?" प्रश्न अगदी रास्त होता. प्रथिनाची संहती सर्रास २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणावरून मोजतात आणि ते शोषण मुख्यतः या दोन आम्लांमुळे होते. संगणकाने रचलेल्या माळांत अ‍ॅलनीन, ल्युसीन, लायसीन आणि ग्लुटामिक आम्ल यांचीच रेलचेल असते. ट्रिप्टोफॅन नसले तर संगणकाचे काहीच बिघडत नाही, बिघडते ते मोजणाऱ्याचे. त्यांच्या सल्ल्याने आम्ही प्रत्येक रचनेत जस्तापासून दूर, बाहेरच्या बाजूला एक ट्रिप्टोफॅन बसवले आणि अल्फाफोल्डमध्ये पुन्हा तपासून मगच मागणी नोंदवली. पैसे घेण्याआधी असा दोष दाखवून देणारी जागा मला विश्वासाची वाटली आणि आजही वाटते.

मागणीचा अर्ज मात्र मला तेव्हाच खटकायला हवा होता. त्यात जीवाणूची जात, तापमान, बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण), अपेक्षित शुद्धता असे सगळे रकाने होते, टॅगच्या रकान्यात 'सहा हिस्टिडीन' हा पर्याय आधीच निवडलेला होता, आणि या प्रथिनाला कोणता धातू धरायचा आहे, हे विचारणारा रकाना कुठेच नव्हता. ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: प्रथिन वेगळे काढण्याची सर्वांत प्रचलित युक्ती अशी की माळेच्या टोकाला सहा हिस्टिडीनांचे शेपूट, म्हणजेच टॅग, जोडायचे, लगदा निकेलच्या कॉलममधून (निकेल बसवलेले दाणे भरलेल्या नळीतून) गाळायचा, शेपटीमुळे आपले प्रथिन निकेलला चिकटून राहते, आणि मग हिस्टिडीनऐवजी स्वतः निकेलला चिकटणारे इमिडाझोल घालून ते सोडवून घ्यायचे. शेकडो प्रथिनांसाठी ही युक्ती निर्दोष आहे. पण ज्या प्रथिनाचा जन्मच दोन हिस्टिडीन आणि दोन सिस्टीनांनी धातू पकडण्यासाठी झाला आहे, त्याला निकेलच्या कॉलममधून फिरवणे म्हणजे उपाशी माणसाला परक्या पंगतीतून चालवत नेण्यासारखे आहे. हे मला कळायला हवे होते, कारण मॅंगनीजपासून तांब्यापर्यंत पकड वाढत जाते, हा अर्विंग-विल्यम्स क्रम मी दर वर्षी शिकवतो आणि त्यात निकेल तांब्याच्या अलीकडच्याच पायरीवर असते. तरीही मी अर्जावर सही केली.

काम सहा आठवड्यांत होईल असे सांगितले होते. नऊ आठवडे लागले. उशिराचे कारण प्रत्येक वेळी फोन करून कळवले गेले, त्यामुळे त्रास झाला तरी अंधारात राहावे लागले नाही. या काळात त्यांनी पाठवलेली जेलची (ज्यात प्रथिने आकारानुसार पट्ट्यांत वेगळी होतात) छायाचित्रे ही या सेवेची सर्वांत मोलाची बाजू आहे. केवळ शेवटचा शुद्ध पट्टा दाखवून मोकळे होणारे अनेक असतात. यांनी प्रत्येक रचनेसाठी जीवाणूंना प्रथिन बनवण्याचा इशारा देण्यापूर्वीचा नमुना, नंतरचा, पेशी फोडल्यावर पाण्यात राहिलेला भाग आणि तळाला बसलेला गाळ असे चारही रकाने शेजारी शेजारी दाखवले. त्यामुळे रचना ४ जीवाणूंनी बनवलीच नाही, रचना २ आणि ६ बनल्या पण घडी न पडल्याने गाळात गेल्या, आणि रचना १, ३ व ५ पाण्यात विरघळलेल्या राहिल्या, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आले. सहापैकी तीन हातात येणे मला समाधानकारक वाटले. अपयशी ठरलेल्या रचनांचे पुरावेही त्यांनी तेवढ्याच काळजीने दिले, आणि शिकणाऱ्याला त्यांचा उपयोग यशाच्या पुराव्यांहून जास्त होतो.

पहिली खेप कुरिअरने आली आणि ती शनिवारी दुपारी, महाविद्यालय बंद झाल्यावर पोहोचली. सोमवारी थर्मोकोलची पेटी उघडली तेव्हा बर्फाचे पाणी झाले होते. रचलेली प्रथिने सहसा टणक असतात म्हणून निभावले. नाजूक नैसर्गिक विकर असते तर ती खेप वाया गेली असती. शुक्रवारी माल बाहेर पाठवू नये, एवढा साधा नियम प्रयोगशाळेने पाळायला हवा. त्यानंतर आम्ही कुरिअरचा नादच सोडला. विद्यार्थी सकाळच्या गाडीने रबाळ्याला जातो आणि पेटी मांडीवर घेऊन तासाभरात परत येतो.

खरी गोष्ट पेटीच्या आत होती. माझ्या विद्यार्थिनीने तीन नळ्या बाहेर काढल्या, खिडकीपाशी पांढऱ्या कागदासमोर धरल्या आणि म्हणाली, "सर, तीन आणि पाच पिवळट का दिसतायत?" मी नळी हातात घेतली. अगदी फिकट, पाणी घातलेल्या चहासारखी पिवळी-तपकिरी झाक होती. रचना १ मात्र स्वच्छ, पाण्यासारखी होती. जस्ताच्या आयनाच्या डी-कक्षकांत दहाही इलेक्ट्रॉन भरलेले असतात, त्यामुळे साध्या प्रथिनात बसलेले जस्त रंग देऊच शकत नाही. रंग दिसतो याचा अर्थ आत दुसरेच कोणीतरी बसले आहे. गंधकाच्या शेजारी बसलेले निकेल नेमका असा रंग देते. आम्ही नमुने पवईला आयआयटी मुंबईच्या उपकरण-केंद्रात धातूंच्या तपासणीसाठी दिले, आणि अहवालाने शंका खरी ठरवली: रचना ५ मध्ये दर दहा रेणूंमागे जवळपास सहा निकेलचे आयन होते आणि जस्त नावापुरते.

या अहवालाकडे दोन प्रकारे पाहता येते. एका अर्थी ती आनंदाचीच बातमी होती, कारण आमच्या रचनेत धातूला बसायला जागा आहे हे निकेलने नकळत सिद्ध करून दिले होते. पण ज्या प्रयोगाचा प्रश्नच 'हे प्रथिन जस्त किती घट्ट धरते' हा आहे, त्याच्यासाठी आधीच भरलेली जागा निरुपयोगी. त्याहून गंभीर धोका असा की रंग दिसला नसता, म्हणजे आम्ही सिस्टीनऐवजी केवळ हिस्टिडीनची जागा रचली असती, तर हे निकेल आम्हाला बहुधा कळलेच नसते आणि आम्ही चुकीचे आकडे छापून मोकळे झालो असतो.

मी अहवाल घेऊन रबाळ्याला गेलो. वाद होईल अशी माझी तयारी होती. मॅडमनी अहवाल वाचला, अर्जाची प्रत काढली आणि स्पष्ट सांगितले की धातूचा रकाना नसणे ही त्यांची चूक आहे आणि टॅगवर सही करणे ही माझी. तेव्हा दुसऱ्या खेपेचे शुद्धीकरण त्या विनामूल्य करतील, शेपटीशिवाय जनुक पुन्हा जोडण्याचा खर्च मात्र आम्ही द्यावा. ही वाटणी मला पूर्णपणे न्याय्य वाटली. त्यानंतर त्यांनी जे सुचवले ते मला या सेवेतले सर्वांत हुशारीचे काम वाटते. त्या म्हणाल्या, "तुमचं डिझाइन खरंच चांगलं असेल, तर टॅग हवाच कशाला? लगदा गरम करू या."

कारण असे की संगणकाने रचलेली हेलिक्सची प्रथिने अनेकदा उकळत्या पाण्याजवळच्या तापमानातही घडी मोडू देत नाहीत, आणि जीवाणूची स्वतःची बहुतेक प्रथिने त्याआधीच उकडलेल्या अंड्यासारखी थिजतात. त्यांनी पेशी फोडून निघालेला लगदा ७५ अंश सेल्सिअसला वीस मिनिटे ठेवला, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला आणि वरचे पाणी काढून घेतले. रचना ३ जीवाणूच्या प्रथिनांबरोबरच थिजून तळाला गेली. म्हणजे ती रचना कमकुवत होती हेही त्याच परीक्षेत कळले. रचना १ आणि ५ वरच्या स्वच्छ पाण्यात तरंगत राहिल्या. पुढचे शुद्धीकरण विद्युतभारावर चालणाऱ्या साध्या कॉलमवर झाले, जिथे धातूचा संबंधच येत नाही.

दुसऱ्या खेपेत त्यांनी घेतलेली काळजी पाहून ही प्रयोगशाळा शिकते, याची खात्री पटली. फॉस्फेटच्या बफरऐवजी हेपेस वापरले, कारण फॉस्फेट जस्ताला स्वतःकडे ओढते आणि पांढरा साका बनवते. सिस्टीनांची आपापसात गाठ पडू नये म्हणून घातले जाणारे डीटीटी टाळून टीसीईपी वापरले, कारण डीटीटीचे गंधक स्वतःच धातू पकडते. पाणी आणि बफर धातू शोषणाऱ्या रेझिनवरून गाळून घेतले. रबराचा दट्ट्या असलेल्या सिरिंज बाजूला ठेवल्या, कारण रबर पक्के करताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात आणि त्यातून जस्त झिरपते. ही गोष्ट माझ्याही ध्यानात आली नव्हती, त्यांच्या एका तरुण तंत्रज्ञाने ती आपणहून सांगितली. शेवटी जीवाणूंनी वाढताना आपणहून बसवलेले जस्तही ईडीटीए या धातू घट्ट पकडणाऱ्या रसायनाने काढून टाकले आणि मग तो ईडीटीए नमुन्यात उरू नये म्हणून नमुना दोनदा कॉलममधून धुतला. हे धुणे राहिले असते तर आम्ही घातलेले जस्त प्रथिनाआधी ईडीटीएनेच गिळले असते.

नमुन्यांबरोबर आलेल्या वस्तुमानाच्या अहवालात रचना ५ चे वजन आमच्या हिशेबापेक्षा १३१ डाल्टनने (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) कमी होते आणि विद्यार्थी घाबरला. मी जैवरसायनशास्त्राचा नसल्याने क्षणभर मीही गोंधळलो. फोनवर खुलासा मिळाला: माळेच्या सुरुवातीचे मेथिओनीन जीवाणू स्वतःच छाटून टाकतो, विशेषतः त्यानंतरचे आम्ल आमच्या माळेसारखे सेरीन किंवा तसेच लहान असेल तर, आणि मेथिओनीनच्या कड्याचे वजन नेमके १३१ आहे. हा खुलासा अहवालातच एका ओळीत लिहिला असता तर एक फोन वाचला असता. अहवालांची भाषा एकूणच फार त्रोटक आहे. उद्योगातील ग्राहकांना ती पुरत असेल, महाविद्यालयांना पुरत नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्याबद्दल. जस्त रंगहीन असल्याने ते बसले की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून या क्षेत्रातील जुनी रीत अशी की आधी कोबाल्ट बसवून पाहायचे. कोबाल्टचा आयन पाण्यात सहा रेणूंच्या वेढ्यात असतो तेव्हा फिकट गुलाबी दिसतो. चतुष्फलकाच्या जागेत, गंधकाच्या सोबतीने बसला की निळा-हिरवा होतो. आम्ही रचना १ च्या अर्धा मिलिमोलर द्रावणात कोबाल्ट क्लोराइड थेंबाथेंबाने घातले. द्रावण गुलाबीच होत गेले. म्हणजे घडी उत्तम, उष्णता सोसण्याची ताकद उत्तम, पण धातूची जागा चुकलेली. अल्फाफोल्डने मात्र याच रचनेला सर्वांत जास्त विश्वासाचा आकडा दिला होता. त्या आकड्यावरून घडीचा अंदाज येतो, पकडीच्या बळाचा येत नाही, हे आता मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला या रचनेचे उदाहरण देऊन सांगतो.

रचना ५ ची पाळी आली तेव्हा आम्ही तिघेही उभे होतो. गुलाबी थेंब स्वच्छ द्रावणात पडला, क्षणभर तसाच राहिला आणि विद्यार्थ्याने क्युवेट (मापनाची छोटी चौकोनी नळी) हलवल्याबरोबर त्यात निळसर हिरवी छटा पसरली. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या थेंबाला ती गडद होत गेली आणि प्रथिनाच्या रेणूंइतके कोबाल्ट घालून झाल्यावर वाढायची थांबली, म्हणजे एका रेणूला एकच आयन, जसे रचले होते तसेच. मग आम्ही जस्ताचे द्रावण घालायला सुरुवात केली, आणि निळा-हिरवा रंग हळूहळू फिकट होत पूर्ण मावळला. जस्ताने कोबाल्टला उठवून स्वतः जागा घेतली होती. वर्णपटमापीवर ६०० ते ७०० नॅनोमीटरमधले शिखर उतरताना दिसत होते, पण त्या दिवशी यंत्राकडे कोणी फारसे पाहत नव्हते. आठ महिन्यांपूर्वी जे प्रथिन पृथ्वीवर कुठेच नव्हते, ते ठाण्यातल्या एका प्रयोगशाळेत धातू निवडत होते.

खर्चाबद्दल विचारणाऱ्यांसाठी: जनुकाचा दर अक्षरांवर असतो आणि शुद्धीकरणाचा दर खेपेवर, त्यामुळे लहान रचना असतील तर सहा-आठ एकदम देणे परवडते. विद्यापीठाच्या लघु अनुदानात आमचे पहिले काम कसेबसे बसले. दुसऱ्या खेपेच्या जनुकाचे पैसे विभागाच्या निधीतून काढावे लागले. पावत्या आणि जीएसटीची कागदपत्रे वेळेवर आणि बिनचूक आली, आणि लेखा विभागाशी रोज झगडणाऱ्यांना याचे मोल सांगायला नको.

या सेवेला मी पाचपैकी चार गुण देतो. कापलेला एक गुण पहिल्या अर्जासाठी, शुक्रवारच्या पेटीसाठी आणि त्रोटक अहवालांसाठी आहे. आपण काम देणार असाल तर पहिल्याच भेटीत सांगा की प्रथिन धातू धरणारे आहे, टॅगचा रकाना स्वतः तपासा, नमुना धातूविरहित स्वरूपात हवा असे लेखी घ्या, आणि शक्य असेल तर पेटी आणायला स्वतः जा. अर्जात आता धातूचा रकाना आला आहे, हे गेल्या महिन्यात पाहिले तेव्हा मनापासून बरे वाटले.

गेल्या महिन्यात गेलो होतो ते नव्या तीन रचना देण्यासाठी. विद्यार्थ्यांच्या मनात सुरुवातीपासून ठाण्याची खाडी आहे. २०२२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, फ्लेमिंगो पाहायला ऐरोलीला गर्दी होते, आणि त्याच खाडीच्या गाळात कारखान्यांतून आलेले जड धातू साठतात. या नव्या रचनांत तीन सिस्टीनांचे तोंड एकाच बिंदूकडे आहे, जी जागा पारा आणि शिसे पसंत करतात. मॅडमनी माळा वाचल्या, यावेळी पहिलाच प्रश्न धातूचा विचारला, आणि उत्तर ऐकून सांगितले की प्रथिन त्या बनवून देतील, धातूविरहित आणि शेपटीशिवाय, पण पाऱ्याचा एक थेंबही त्यांच्या इमारतीत येणार नाही आणि तशी अट त्यांनी दरपत्रकावर हाताने लिहिली. ती अट मी तिथेच मान्य केली. पाऱ्याची चाचणी आमच्या महाविद्यालयातील धूरकपाटात होईल आणि नमुने पुढच्या महिन्यात, शुक्रवार सोडून, मिळणार आहेत.